घेवड्याचे उलटे आटे

नळवाल्यांच्या हाताखालून गेलेली वस्तू सहसा गळत नसे. घेवड्याने मात्र त्यांच्या अब्रूला गळती लावली.

बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली ती चार कोवळे वेल त्यांच्या गळ्यात मारून. "माझ्या आईच्या बियांतले हे शेवटचे चार," तिने बजावलं होतं. "शेंगा वाळवून बी धरायचं. हे गेले तर आईचं वाणच संपलं."

नळवाल्यांनी ते फारच मनावर घेतलं. परसात चार पाइप उभे ठोकले. पाणी मुळाशीच घातलं, पानांवर थेंब उडू दिला नाही. आणि वेल पाइपांना गुंडाळले. नळाला टेप गुंडाळतात तसे, आवळायच्या दिशेने.

सकाळी चारही वेल जमिनीवर लोळत. ते पुन्हा गुंडाळत. नवव्या दिवशी एक बुडातूनच मोडला. नळवाल्यांनी सांध्यावर टेप मारली, पाणी सोडून चाचणी घेतली. गळती नव्हती. वेलही नव्हता.

मग त्यांनी मुकाट्याने फोन लावला.

"अगं, एक गेला."

पलीकडे नात रडत होती. तिला थोपटत बायकोने विचारलं,

"गुंडाळता कसे?"

"हे असे," म्हणत त्यांनी फोनसमोर हात फिरवला.

"अहो, मला दिसतंय का? नळ बंद करतात तसे?"

"मग? जन्मभर तेच केलंय!"

"घेवडा नळ उघडायच्या बाजूने चढतो! आणि गुळगुळीत पाइपावर टिकेल कसा? सुतळी बांधा. मग हात लावू नका."

"म्हणजे उलटे आटे!" नळवाले थक्क झाले. "आधी सांगायचं नाही?"

"पस्तीस वर्षं तुमचे आटे उलटे आहेत. मी बोलले काही?"

सुतळी बांधून नळवाले खिशात हात कोंबून बसले. बोटं शिवशिवत होती. तिसऱ्या दिवशी वेलांनी आपणहून वळसा घेतला, अगदी नळ उघडायच्या बाजूने.

अडीच महिन्यांनी बायको परतली ती बॅग हातात घेऊनच परसात गेली. तीन वेल डोक्यावर गेले होते. तोडल्याशिवाय नव्या धरत नाहीत म्हणून कोवळ्या शेंगा नळवाल्यांनी शेजाऱ्यांना अक्षरशः दम देऊन वाटल्या होत्या. खालच्या सहा तेवढ्या वाळत होत्या. प्रत्येकीला पाटी: 'काम चालू आहे. पाना लावू नये.'

तिने एक शेंग कानाशी धरून हलवली. डोळे पुसले.

"वाजतंय हो आत."

नळवाल्यांचा चेहरा पडला. "गळत तर नाही ना?"