पाचवी तार माझ्यापाशीच होती

मला कुणी हातात धरू शकत नाही, मित्रांनो. मी जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेतलं एक जुनं फंक्शन आहे. फंक्शन म्हणजे कॉम्प्युटरमधला हुकमाचा ताबेदार. चार गोष्टी हातात द्यायच्या, नाव घेऊन हाक मारायची, की मी कामाला लागतो.

माझा जन्म १९९८ साली मिरजेत, तंबोरे बनवणाऱ्या चांदसाहेबांच्या दुकानात झाला. त्यांची लेक मुबश्शिरा कॉम्प्युटर शिकून आली होती. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या तारा तिने मला द्यायच्या, मी त्या कागदावर छापायच्या आणि तो कागद पाहून चांदसाहेबांनी दांडीवर खुंट्यांच्या खुणा करायच्या, अशी घडी बसली. तंबोऱ्याला बहुधा चार तारा, म्हणून तिने मला चारच जागा दिल्या होत्या. काम चोख चाललं. पोरीनं नाव काढलं, असं शेजारीपाजारी म्हणू लागले आणि मीही मनातून फुगलो.

मग सांगलीत गाणं शिकवणाऱ्या पद्माताईंनी पाच तारांचा तंबोरा सांगितला. मुबश्शिराने मला पाच नावं दिली. छापून चारच आली. शेवटची, खर्जाची तार राहिली. जावास्क्रिप्टची रीतच अशी, की जागेपेक्षा जास्त आलं तरी ती हूं की चूं करत नाही. चांदसाहेबांनी जपून ठेवलेलं लाकूड काढलं, दांडी घडवली आणि तिच्यावर चार खुणा केल्या. भोकं पडायच्या आधी पद्माताई तंबोरा बघायला आल्या, हे नशीब.

"चांदभाई, मी पाच तारा सांगितल्या होत्या," त्या म्हणाल्या.

चांदसाहेबांनी गिरमिट खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, तेच पोरीला जास्त लागलं. "मुबश्शिरा, उद्यापास्नं आर्डर तोंडीच घेऊ," ते म्हणाले. "लाकूड एकदा बिघडलं की बिघडलं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाचवी तार हरवलेली नाही, माझ्यापाशीच आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. कारण मला जे जे मिळतं, ते सगळं मी 'आर्ग्युमेंट्स' नावाच्या गाठोड्यात ठेवतो, त्याला जागा असो वा नसो. पण विचारल्याशिवाय आम्हांला बोलता येत नाही.

तिने एक दिवस मागून घेतला आणि पुस्तक उघडलं. आधी तिला वाटलं, पाच तारांचं वेगळं फंक्शन लिहावं. म्हणजे माझी सुट्टीच! पण पानं उलटता उलटता ते गाठोडं तिला सापडलं. तिने माझ्या चारही जागा पुसल्या आणि बजावलं, की आधी गाठोड्यात किती आहेत ते मोज, मग एकेक करून सगळ्या छाप. तिने पाच दिल्या, मी पाच छापल्या. चार दिल्या, चार छापल्या.

चांदसाहेबांनी कागद शेवटपर्यंत वाचला. "खर्ज आला," ते पुटपुटले. मग म्हणाले, "विट्याचं एक गिऱ्हाईक सहा तारांचा मागतंय. त्येची बी आर्डर घाल हेच्यात."

मुबश्शिरा हसली. त्या हसण्यानं मी भरून पावलो.

पुढे नवे कॉम्प्युटर आले आणि माझ्यावर धूळ बसली. त्याचं मला वाईट वाटत नाही. तिच्या वडिलांनी तिला दूर केलं नाही आणि तिने मला टाकलं नाही, एवढे उपकार पुरे आहेत. मित्रांनो, कुणाचं काम फसलं तर त्याला मोडीत काढण्याआधी एकदा विचारा, की बाबा, तुझ्यापाशी आणखी काय आहे?