टाकीच्या झाकणावरचं कुंकू

मित्रांनो, दांडी गावात नामदेवच्या पडवीत कोपऱ्याला टेकून ठेवलेलं जुनं पेट्रोल इंजिन म्हणजे मी. मला होडीच्या मागच्या फळीला अडकवत. १९६४ साली सातपाटीच्या मच्छीमार सोसायटीमार्फत मी इथे आलो. आता मोठी इंजिनं आली आहेत आणि माझ्याकडे कुणी बघत नाही. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

सुरुवातीला नामदेवचा थोरला भाऊ कमलाकांत मला बघून नाक मुरडायचा. "वारा कदी बंद पडून रुसत नाय," असं म्हणायचा. मी वर्षभर कुरकुर न करता धावलो, तेव्हा कुठे त्याचं तोंड बंद झालं.

दुसऱ्या वर्षी नारळी पौर्णिमेला नामदेवची बायको नलू हिने माझी मनापासून पूजा केली. तेलात कालवलेलं कुंकू तिने माझ्या टाकीच्या झाकणावर जाडसर थापलं. त्या झाकणाला सुईएवढं एक भोक असतं. पेट्रोल संपत जातं तशी त्यातून हवा आत येते. हवा आली नाही तर पेट्रोल टाकीतून खाली उतरत नाही. ते भोकच बुजलं. मला कळत होतं, पण सांगणार कसा?

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ समुद्रात गेले. माझ्या जिवावर त्यांनी शीड घरीच ठेवलं होतं. थोडं अंतर गेल्यावर मी बंद पडलो. नामदेवने प्लग काढून पुसला. पेट्रोल बघायला झाकण उघडलं, तर 'फुस्स' असा आवाज झाला. टाकी अर्धी भरलेली होती. झाकण लावून त्याने दोरी ओढली आणि मी सुरू झालो. त्यांनी होडी घराकडे वळवली. थोड्याच वेळात मी पुन्हा बंद. पुन्हा प्लग, पुन्हा झाकण, पुन्हा 'फुस्स'.

तिसऱ्यांदा बंद पडलो तो नेमका किनाऱ्याजवळच्या खडकांपाशी. भरती होडीला खडकांवर ढकलत होती आणि वल्ह्यांचं काही चालत नव्हतं. दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. नामदेवने झाकण उघडलं. पुन्हा तोच आवाज झाला, तेव्हा त्याने झाकण डोळ्यांजवळ धरून नीट पाहिलं आणि गळाचं टोक त्या भोकाला लावलं.

कमलाकांतने त्याचा हात धरला. "अरे, कुकू खरवडतोस? नलूनं लावलंय. भर दर्यात अपशकुन करू नको!"

"दादा, मी घरी पोचलो तरच तिच्या कपाळावर कुकू राहील. हात सोड."

कमलाकांतने हात सोडला. भोक मोकळं झालं, दोरी ओढली गेली आणि खडक चार हातांवर असताना मी होडी बाहेर काढली. तेवढा मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

किनाऱ्यावर नलूने सगळं ऐकून घेतलं. झाकणावर उरलेलं कुंकू तिने स्वतःच्या पदराने पुसून टाकलं. "पुढल्या वर्षी आदी भोक दाखवा मला," ती नामदेवला म्हणाली, "मग पूजा."

मित्रांनो, यंत्राला हार घाला, नारळ वाढवा, आम्हालाही बरं वाटतं. पण आम्ही श्वास कुठून घेतो, तेवढं आधी बघत जा. आमच्या भरवशावर माणसं घराबाहेर पडतात.