फेब्रुवारीतच जायचं

नवरा पुंडलिक जाऊन सहा महिने पुरे झाले नव्हते आणि पुष्पलताने भूतानला जायचं काढलं. सकाळी तिने ही गोष्ट फक्त आपल्या मुलाला, कुंदनला सांगितली होती. दुपारपर्यंत बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांच्या तोंडी ती सबंध मुरबे गावात फिरली, आणि संध्याकाळी तिचा थोरला दीर धर्माजी ओट्यावर येऊन बसला. पुढे केलेला चहा त्याने घेतला नाही, तेव्हाच पुष्पलताने ओळखलं की हा माणूस भांडायला आलाय.

"वर्ष सरू दे," धर्माजी म्हणाला. "वर्षश्राद्ध होऊ दे त्याचं. मंग काशीला जा, रामेश्वराला जा. कोण नको बोलणार नाय."

"काशीला नाय जायचं मला, दादा."

"मंग त्या भूतानात कुठला देव हाय?"

"देवाला नाय जात. फिरायला जातेय. बर्फ पडतो तो बगायला."

धर्माजीने कुंदनकडे पाहिलं. कुंदन तारापूरच्या एका कारखान्यातून नुकताच पाळी संपवून आला होता, अंगावरचे कपडेही बदलले नव्हते. तो आईजवळ उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आये, निदान पशुपतीनाथ तरी म्हण. तेपण डोंगरातच हाय. लोकांची तोंडं बंद होतील."

"लोकांची तोंडं बंद करायला देवाच्या नावानं खोटं बोलू?"

"पुंडलिक असता तर गेली असतीस?" धर्माजीने शेवटचा घाव घातला.

"नसती गेली," पुष्पलता म्हणाली. "त्यानं जाऊ दिलं नसतं. म्हणून तर आता जाते."

धर्माजी उठला, चपला पायात अडकवल्या आणि मागे न बघता निघून गेला.

पुष्पलता बोलली ते खरंच होतं. पुंडलिक वाईट माणूस नव्हता. त्याने कधी तिच्यावर हात उगारला नाही, होडीवरून आला की पहिला चांगला पापलेट घरात द्यायचा. ऑगस्टात तो गेला तेव्हापासून तिच्या हातून रोज भाकऱ्या जास्तच थापल्या जात होत्या. पण बर्फाची गोष्ट काढली की तो हसायचा. कुंदन लहान असताना त्याच्या भूगोलाच्या पुस्तकात तिने बर्फात बुडालेल्या गावाचं चित्र पाहिलं होतं, तेव्हापासून दर दोन-चार वर्षांनी ती विषय काढायची आणि पुंडलिक म्हणायचा, "मासळीवर रोज बर्फ मारतेस, आनी तोच बगायला भाडं भरून जाशील?" चारचौघांतही सांगायचा आणि चारचौघं हसायचे. ती गप्प बसायची. तो गेला, पण ते हसणं घरातच राहिलं. भांडी घासताना, दिवा लावताना तिला ते ऐकू यायचं, आणि आपण रडतोय की चिडलोय हे तिचं तिलाच कळायचं नाही.

बोईसरला स्टेशनाजवळ अनुज नावाच्या तरुणाचं सहलींचं दुकान होतं. पुष्पलता तिथे गेली तेव्हा कुंदनही बरोबर गेला. अनुज 'नको' म्हणेल अशी त्याला आशा होती. आणि तिसरी होती ठकी. ठकी पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. बोईसरच्या बाजारात पुष्पलताच्या मासळीच्या पाटीशेजारी तिची भाजीची पाटी. वर्षानुवर्षं त्या एकाच छत्रीखाली बसत आलेल्या, दोघींची भिशीही एकच. पुष्पलताने "येतेस का?" विचारलं तेव्हा ठकीने हातातली वालाची शेंग पुरी सोलली आणि "येतं की" एवढंच म्हणाली.

"तुम्ही ऑक्टोबरला जा, मावशी," अनुज म्हणाला. "आकाश स्वच्छ असतं, हिमालयाची रांग दिसते. नाहीतर एप्रिल. फुलं असतात, थंडी कमी."

"ऑक्टोबरात बर्फ पडताना दिसंल?"

"पडताना नाही. लांबून शिखरांवर दिसेल."

"लांबून तर मी फोटोत बगितलाय."

कुंदन मध्ये पडला. "जूनमदे जा ना. होड्या वर वडलेल्या असतात, बाजार थंड असतो. वर्ष सरायला पण थोडंच राहील."

"जूनमध्ये तिकडे धो धो पाऊस," अनुज म्हणाला. "दरडी कोसळतात, रस्ते बंद होतात."

"पाऊस बगायला भूतानला कशाला?" ठकी म्हणाली. "माझ्या घरात गळतो तेवढा पुरे."

मग अनुजने नाइलाजाने फेब्रुवारीचं सांगितलं. त्याची एक तुकडी तेव्हा जाणार होती, निवृत्त जोडपी होती सगळी. हवा कोरडी असते, पण रात्री पाणी गोठतं. पारो गावाच्या वर एक खिंड आहे, तिथे तेव्हा बर्फ पडतो. मात्र जास्त पडला तर रस्ता बंद, आणि तिथे हवा इतकी विरळ की चार पावलं टाकली की दम लागतो. "तुमच्या वयाला मी एप्रिलच सुचवीन," तो म्हणाला.

"फेब्रुवारीचं लिव," पुष्पलता म्हणाली. "दोघींचं."

डॉक्टरांकडे ती स्वतःहून गेली. ब्लड प्रेशरची गोळी चुकवायची नाही, हळू चालायचं, पाणी पीत राहायचं, डोकं फार दुखलं की हट्ट न करता खाली उतरायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. हे सगळं तिने घरी येऊन कुंदनला जसंच्या तसं सांगितलं. कुंदन ऐकत होता, पण त्याचा चेहरा काही उजळला नाही.

मग खरेदी. आयुष्यात लोकरीचा कपडा दोघींनी घातला नव्हता, समुद्रकाठी त्याचं कामच काय. अनुजने सांगितलं होतं, एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा एकावर एक पातळ घाला, उकडलं की काढता येतं. आत अंगाला चिकटून बसणारे गरम कपडे, त्यावर लोकर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. कानटोपी, हातमोजे. बर्फावर ऊन पडलं की डोळे दिपतात म्हणून काळा चष्मा. ओठ फुटतात म्हणून मलम. आणि साडी नको, पँट घ्या.

पँटीपाशी मुरबे पुन्हा पेटलं. पुष्पलताने घरी घालून बघितली ती शेजारच्या एका बाईने खिडकीतून पाहिली. दुसऱ्या दिवशी बोंबील वाळत घालताना कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "नवरा गेला नि बाई पँटीत आली." हसण्याची एक लाट उठली. पुष्पलता घरी गेली, पँट घातली, वर रोजच्यासारखं खांद्यावर फडकं घेतलं आणि भर दुपारी समुद्राच्या वाळूतून गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आली. परत येताना कुणी हसलं नाही.

ठकीची अडचण वेगळी होती. जन्मभर अनवाणी चाललेले तिचे पाय पंख्यासारखे पसरलेले, बायकांचा एकही बूट त्यांत शिरेना. शेवटी कारखान्यांतल्या कामगारांना बूट विकणाऱ्या दुकानात दोघी शिरल्या. दुकानदार म्हणाला, "मौसी, ये तो आदमी का जूता है."

"पाय तर बाईचाच हाय ना," ठकी म्हणाली, आणि तेच घेतले. मग रोज बाजाराला घालून येऊ लागली. नवे बूट तिकडे जाऊन चावायला नकोत, हे तिला अनुजने सांगितलं होतं.

बॅगेत पुष्पलताने सगळ्यात शेवटी जवळ्याच्या, म्हणजे बारीक सुक्या कोलंबीच्या, चटणीची बरणी ठेवली. वासाचं काही आणू नका, असं अनुज म्हणाला होता. तिने बरणीला तीन पिशव्यांत गुंडाळलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने पर्स उघडली तर मतदार कार्ड नव्हतं. भूतानच्या वेशीवर तेच दाखवायचं होतं, पासपोर्ट तिच्याकडे नव्हता. तिने कपाट शोधलं नाही, गादीखाली बघितलं नाही. सरळ कुंदनसमोर जाऊन उभी राहिली.

"कुंदन, कार्ड दे."

तो जेवत होता. त्याने मान वर केली नाही. "मला काय म्हाईत?"

"दे."

कुंदनने ताट सरकवलं. त्याचे डोळे भरले होते. "बाबा गेला तवा मी पाळीवर होतो. फोन आला तेव्हा कायच करता आलं नाय. तू तिकडं डोंगरावर पडलीस तर? कोण हाय तितं तुला?"

पुष्पलता त्याच्याशेजारी बसली. इतके दिवस तिला वाटत होतं की पोराला लोकांची लाज वाटते. ही भीती तिच्या ध्यानातच आली नव्हती. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण शब्द मऊ केले नाहीत.

"तुझा बाप कुठल्या डोंगरावर गेला? या ओट्यावर, जाळं शिवताना गेला. घरात बसून माणूस वाचत असता, तर तो वाचला असता. मी औषधं घेतलीत, डाक्तरला विचारलंय. खाली उतर म्हटलं तर उतरंन. पण जाणार मी. कार्ड नाय दिलंस तर दुसरं काढंन, नि पुढल्या फेब्रुवारीत जाईन."

कुंदनने उठून आपल्या कामाच्या पिशवीतून कार्ड काढलं आणि तिच्या हातात दिलं. सकाळी तो सोडायला आला नाही. पाळी आहे म्हणाला.

पारोला पोचल्यावर पहिले दोन दिवस कुठे चढायचं नव्हतं. ठकी खुशीत होती. तिथली माणसं मिरच्यांची भाजी करून भातावर खात, आणि वाणगावच्या मिरचीच्या वाड्यांत राबलेल्या ठकीला ती फार आवडली. तुकडीतली जोडपी आधी जरा लांबच बसायची. पण बरणी उघडली तेव्हा एक निवृत्त मास्तरीण वाटी घेऊन आली, आणि चटणी तिसऱ्या दिवशी संपली.

खिंडीत जायच्या दिवशी पहाटे बर्फ पडला होता. रस्ता अर्ध्यापर्यंतच मोकळा होता. वळणावळणाची चढण सुरू झाली आणि, नवल असं की, डोंगरात जन्मलेल्या ठकीलाच ओकारी आली. एका वळणावर अडथळा लावलेला होता, गाडी तिथे थांबली. बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. वाटाड्या हिंदीत म्हणाला, "इथूनच परत फिरू. गाडीतूनच बघा सगळे."

"मी उतरते," पुष्पलता म्हणाली.

"मॅडम, पाच मिनिट."

तिने ठकीकडे पाहिलं. ठकी कपाळाला रुमाल बांधून पडली होती. "जा," ती म्हणाली. "माझ्यापायी थांबू नको. नायतर परत आल्यावर मला बाजारात बसू देणार नायस."

पुष्पलता उतरली. थोडंसं चालली तोच छाती भात्यासारखी हलू लागली. ती थांबली, पुन्हा चालली. देवदारांवरून, तिच्या कानटोपीवरून, पापण्यांवरून बर्फ उतरत होता आणि त्याला आवाज नव्हता. तिने हातमोजा काढून तळवा पुढे केला. एक कण टेकला, क्षणभर जसाच्या तसा राहिला आणि विरघळला. मासळीवरच्या बर्फासारखा हा कडक नव्हता, बोचत नव्हता. "बगितलंस?" ती मोठ्याने म्हणाली. "तो नि हा एक नाय." पुंडलिकशी ती इतक्या ताठ आवाजात कधीच बोलली नव्हती. मग तिला रडू आलं, आणि तिथे ते पुसायची घाई करायला लावणारं कुणी नव्हतं.

परतताना तिने मूठभर बर्फ ठकीला नेऊन दिला. ठकीने एक डोळा उघडून पाहिलं, बर्फ बोटांनी कुस्करला. "तांदळाचं पीठ वाटतंय," ती म्हणाली आणि चिमूटभर तोंडात टाकला. खाली उतरताच तिची ओकारी थांबली.

संध्याकाळी हॉटेलात मास्तरणीने आपल्या फोनवरून कुंदनला जोडून दिलं. पडद्यावर त्याचा चेहरा दिसला, मागे घरातली ओळखीची भिंत. तो म्हणाला, "आये, डोकं दुखतं काय?"

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, पण तिने खरं तेच सांगितलं.

"जरासं दुखतंय. पानी पितेय, गोळी घेतलीय."

"मंग?"

"मंग काय. दुखू दे," पुष्पलता म्हणाली. "तू जेवलास का ते सांग."