पुलाजवळचा चौक

फुमिएने वडिलांच्या ओव्हरकोटाचं वरचं बटण लावलं आणि त्यांच्या हातात पांढरे हातमोजे ठेवले. सोमवार होता. आठ वेळा निवडून आलेले, दोनदा मंत्री झालेले ओदाजिमा निवृत्तीनंतरही दर सोमवारी पुलाजवळच्या चौकात उभे राहत आणि कामावर निघालेल्या गाड्यांना कमरेत वाकून नमस्कार करत.

"आता कोण मत देणार आहे तुम्हाला, बाबा?"

"त्यांची देऊन झाली. आता माझी पाळी."

तासाभराने ते खांद्यावरचा बर्फ झटकत परतले. रात्री भात आणि भाजलेला मासा जेवले, मीठ कमी असल्याची तक्रार केली आणि आडवे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

अंत्यदर्शनाला तोक्योहून काळ्या मोटारी आल्या. शोकसंदेश वाचले गेले: बंदर, बोगदा, मच्छीमारांचा कायदा. दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकावं तशी फुमिए ऐकत राहिली.

रांगेत सगळ्यांत शेवटी तादोकोरो होते, तिच्या शाळेच्या बसचे म्हातारे चालक. धूपाची चिमूट वाहून झाल्यावरही ते हलेनात.

साहेब निवडणुकीत एकदाच पडले, त्या हिवाळ्याची गोष्ट त्यांनी काढली. हरलेल्या उमेदवाराने दुसऱ्या दिवशी चौकात उभं राहून लोकांचे आभार मानायचे, ही इथली रीतच. साहेब मात्र हिवाळाभर उभे राहिले, आणि सगळ्यांत खाली वाकायचे ते शाळेच्या बसपुढे. बसमध्ये एकही मतदार नाही, उगाच कंबर कशाला मोडून घेता, असं तादोकोरोंनी एकदा त्यांना चिडवलंही होतं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, माझी लेक आहे त्यात. पोरं आधीच टोचून बोलत असतील तिला. माझी मान खाली असली, की तिला माझ्याकडे बघावं लागत नाही." तादोकोरोंनी नाक पुसलं. "बस वळेपर्यंत वर बघायचे नाहीत, ताई. आरशात दिसायचं मला."

फुमिए तेव्हा चौदा वर्षांची होती. चौक आला की ती तोंडासमोर पुस्तक धरायची.

शेवटच्या निरोपाची वेळ झाल्याचं वडिलांचा सचिव हलक्या आवाजात सांगून गेला. ती शवपेटीपाशी गुडघ्यांवर बसली. मागे मंत्री होते, कोळी होते.

"बाबा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "पुस्तक फक्त चौकापुरतं होतं. पुढे गेल्यावर मी मागच्या काचेतून बघायची. तुम्ही दिसेनासे होईपर्यंत."