मुंबईची एकच लाइन

"ताई, माजं लागलं का?"

सोलापूरच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये परगावचे फोन जोडत बसलेल्या जगदेवीच्या कानात मंद्रूपच्या गोजरबाईचा आवाज पुन्हा आला. बाई दुपारपासून शहरातल्या पेठेतल्या पोस्टाच्या फोनपाशी उभी होती. तिचा नवरा कोंडीबा जवळच्याच दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता आणि मुलगा गुंडा मुंबईला लोखंडाच्या दुकानात कामाला. दुकान बंद व्हायच्या आत निरोप मिळाला, तर रात्रीची गाडी धरून तो बापाच्या तोंडात पाणी घालायला पोचणार होता. सकाळी केलेल्या तारेचं उत्तर आलं नव्हतं.

"लागेल मावशी. जवळच थांबा."

पण लागणार कसा? मुंबईच्या बाकी लाइनी सकाळीच बंद पडलेल्या, उरली एक. रांगेत पुढे सूतवाल्या शेटजींचे मुनीम चनमल्लप्पा, एकामागे एक अर्जंट कॉल लावून बसलेले. गोजरबाईचा साधा, म्हणजे त्या सगळ्यांच्या मागे.

जगदेवीच्या माहेरी, अक्कलकोटकडे, सामाईक विहिरीवर मोटेची पाळी फिरायची. मोठ्या खातेदाराची एक, धाकट्याची एक. तिने बुकिंगच्या चिठ्ठ्या तशाच लावल्या.

"मुनीमजी, हा एक घ्या. मग मध्ये दुसऱ्याचा, मग तुमचा."

"अर्जंटचा जादा आकार भरतोय की, अक्का!"

"लाइन एकच आहे. सगळ्यांना एकेक."

"बरं बरं. तुमी कलेक्टर व्हायला पायजे होता."

मुनीमांचा कॉल लागला. तीन मिनिटं झाल्याचं, म्हणजे एका कॉलची वेळ संपल्याचं, तिने सांगितलं. "वाढवा, अक्का." पुन्हा सांगितलं. "वाढवा." सुताचे भाव झाले, रंगाचे झाले, आता शेटजींच्या पुतण्याच्या सोयरिकीचं चाललं होतं.

"मुनीमजी, आटपा ना. एक बाई खोळंबलीय. नवरा अत्यवस्थ आहे तिचा."

"वाईट झालं. पण पुढचा कधी लागंल सांगता येत नाही म्हटल्यावर आमचं सगळं ह्यातच उरकायला नको? तुमचाच नियम की, अक्का."

तिने सुपरवायझरबाईंकडे पाहिलं. "मागतील तेवढी वाढ द्यायची," बाई हळूच म्हणाल्या. "तोडणं आपल्या हातात नाही."

विहिरीच्या काठावर एक खुणेचा दगड होता. सावली त्याला टेकली की मोट थांबायची, मग ती कुणाचीही असो. जगदेवीला तो आत्ता आठवला.

लाइन सुटली तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. तिने घाईघाईने मुंबई जोडली.

"वाजतंय की ताई! वाजतंय!"

घंटी वाजत राहिली. पलीकडून कुणी उचललं नाही.

"मावशी... दुकान बंद झालेलं दिसतंय."



"ही घंटी तितंच वाजतीया न्हवं? गुंडा उबा ऱ्हातो तितं?"

"हो."

"मग वाजू द्या वाईच."

समोरच्या जोडणीच्या फळ्यावर पुढच्या कॉलसाठी चनमल्लप्पांचा दिवा लागला. जगदेवीचा हात गोजरबाईची लाइन सोडवायला दोरीवर गेला आणि तिथेच राहिला. मुंबईतल्या त्या बंद दुकानात घंटी वाजत होती. पोस्टाकडून आता फक्त बांगड्यांची बारीक किणकिण ऐकू येत होती. गोजरबाईने रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला असावा.