चौथा ताका

दुसरा मीटर. सरळ.

माधवनगरच्या गिरणीत तपासणीच्या टेबलावर शालूबाई ताका पुढं ओढत होती. निळ्या पट्ट्यांचं कापड. समोर मागांवर देखरेख करणारा जॉबर लालासाहेब आणि आटपाडीचा विणकर जोतिबा. कापड जोतिबाच्या मागावरचं; पट्ट्यांचं काम त्याच्या एकट्याकडं. पट्टे वाकडे म्हणून त्याचे तीन ताके तिनं या महिन्यात बाद केले होते. हाही गेला तर त्याची नोकरी जाणार.

"आक्का, माग तोच, सूत तेच," जोतिबा म्हणाला.

"तुझ्या गावाचा रस्ताबी सरळ न्हाई," लालासाहेब म्हणाला. "पट्टा कुठनं यायचा?"

पाचवा मीटर. पट्टा मधेच वाकला.

काल सांगलीत डॉक्टर तिच्या डोळ्यात दिवा धरून बोलत होता. 'गालामागची गाठ किरणांनी जाळली ना, दोन वर्षांपूर्वी? उजव्या डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या तेव्हापासून बंद पडत आल्यात. रक्त पोचत नाही तिथं पांढरे डाग, कापसासारखे. उरलेल्या झिरपतात. पडदा फुगतो. फुगलेल्या पडद्यावर सरळ रेघ—'

सातवा. वाकडी.

'वाकडी दिसते.'

'आणि डावा?'

'आज चांगला आहे.'

आज.

नववा मीटर. तिनं पदरानं उजवा डोळा झाकला. सरळ. पदर काढला. वाकडा. झाकला. सरळ.

"काय गेलं डोळ्यात?" लालासाहेबानं विचारलं.

कोपऱ्यात तीन ताके बांधून पडले होते. तिची खूण पडली की ताका पुन्हा कुणी उघडत नसे. बारा वर्षांची रीत. डोळ्याचं बोलली नाही तर हे टेबल तिचंच. खुणेची निळी पेन्सिल बोटांत होती.

जोतिबा कापडाकडं बघत नव्हता. तिच्या हाताकडं बघत होता.

"लालासाहेब, ते तीन ताके उघडा."

"खूण पडल्यावर?"

"कापडात खोट न्हाई. माझ्या डोळ्यात हाय."

माग धडधडत राहिले. लालासाहेब जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "शालूबाई, काय बोलताय कळतंय न्हवं? उद्या हितं दुसरी बसंल."

"उद्या बसंल. आज मी हाय."

तो कोपऱ्याकडं गेला. तिनं उजवा डोळा झाकला आणि ओढायला लागली. दहा. अकरा. बारा. तेरा. पट्टे सरळ.

चौदाव्यावर तिचं बोट थांबलं.

"हितं धागा तुटलाय. दोन बोटं."

जोतिबा वाकला. बघितलं.

"व्हय आक्का."

"एवढ्यानं बाद होत न्हाई," ती म्हणाली, आणि तिथं बारीक खूण केली. "पण ही खोट तुझी हाय."