दरवर्षीचा बिघाड

काकू चक्क गॅरेजच्या फरशीवर उताण्या झाल्या आणि त्यांनी गाडीखाली डोकं घातलं.

"काकू, बाहेर या!" मिस्त्री ओरडला. "जॅकवर आहे ती. त्याच्यावर विश्वास ठेवायला तो काय नवरा आहे?"

"नवऱ्यावर तरी कुठं ठेवलाय!" काकू खालूनच म्हणाल्या. "ठेवला असता तर इथं कशाला आले असते?"

काका ऐकून न ऐकल्यासारखं करून गाडीभोवती चकरा मारत राहिले. हात मागं बांधलेले, मान जरा वाकडी. एकतीस वर्षं त्यांनी प्रवासी बस चालवली होती. एवढ्या वर्षांत बसलाच काय, बसवर बसलेल्या माशीलाही ओरखडा आला नाही, असं काकू ज्याला त्याला सांगत. एकदा घाटात ब्रेक गेले तेव्हा काकांनी नुसत्या शिव्या घालून बस थांबवली, हेही काकूंनीच पसरवलेलं. निवृत्त झाल्यावर काकांनी ही घरगाडी घेतली. आत दोन पलंग, एक शेगडी, ओंजळीएवढं मोरीचं भांडं. "तुझ्या ताईच्या दारात आपलं घर नेऊन उभं करतो," असा शब्दच दिला होता त्यांनी काकूंना.

त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षांत घरगाडीनं जग पाहिलं ते एवढंच: घर ते गॅरेज आणि गॅरेज ते घर.

दरवर्षी निघायच्या आधी गाडी तपासायला टाकायची आणि दरवर्षी मिस्त्रीला काहीतरी सापडायचं. एका वर्षी क्लचप्लेट, एका वर्षी रेडिएटर, मागच्या वर्षी पाण्याची टाकी. भरलेले डबे काकू परत फडताळात रिकामे करायच्या आणि ताईला फोनवर सांगायच्या, "पुढच्या वर्षी नक्की." गेल्या आठवड्यात त्याच फोनवर ताईनं काकूंना "आई" म्हणून हाक मारली होती. दोनदा. ब्याऐंशी वर्षांच्या ताईला पुढचं वर्ष म्हणजे काय, ते काकूंना त्या हाकेत कळलं. म्हणून या खेपेला, मिस्त्री गाडी न्यायला घरी आला तेव्हा, त्या न विचारता मागं चढून बसल्या होत्या.

आता त्यांना बाकावर बसवत नव्हतं. बसायच्या, उठायच्या, कॅलेंडरवरच्या तारखा वाचायच्या, पुन्हा गाडीपाशी यायच्या. जुनं ऑइल काळ्या धारेनं तसराळ्यात उतरलं. फिल्टर बदलला. गॅसच्या नळीच्या जोडांवर मिस्त्रीनं साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. टपाच्या सांध्यांवरून त्यानं बोट फिरवलं, पाण्याचा पंप चालवून पाहिला.

"झालं?" काकूंनी अकराव्यांदा विचारलं.

"काकू, बाळंतपणाला आलेली बाईसुद्धा एवढी घाई करत नाही हो."

नवीन ऑइल भरून झाल्यावर काकांनी ऑइल मोजायची पट्टी उपसली, टोक अंगठ्यानं चोळलं, नाकाशी नेलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. काकूंना उगाच अभिमान वाटला. बाकीचे लोक पट्टी उन्हात धरून बघत बसतात. हा माणूस बोटानं ओळखतो!

मिस्त्रीनं हात पुसले. काकांनी दोनदा खाकरल्यासारखं केलं.

"तसं सगळं ठीक आहे," मिस्त्री म्हणाला, "फक्त मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग..."

"दाखव," काकू म्हणाल्या.

"ते दिसत नाही काकू, वाजतं."

"मग वाजवून दाखव."

मिस्त्रीनं चाक फिरवलं. ते लोण्यातून फिरावं तसं गपगुमान फिरत राहिलं. तिघंही ऐकत राहिले.

"चालताना वाजतं," मिस्त्री पुटपुटला.

"चालताना माझे गुडघेही वाजतात. म्हणून मी घरी बसते का?"

काका हात धुवायला नळाकडे निघून गेले. काकूंनी मिस्त्रीला चाकापाशीच गाठलं. "खरं सांग. तुला माझ्या ताईची शपथ."

"तुमच्या ताईला मी पाहिलंय तरी का?"

"मीही सहा वर्षं पाहिलेलं नाही."

मिस्त्री पान्याशी चाळा करत राहिला. "काकाच सांगतात," तो शेवटी म्हणाला. "दरवर्षी. एखादी खोट काढ म्हणतात. का, ते त्यांनाच विचारा. मला नका विचारू."

विचारायचं कशाला? काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकतीस वर्षांची कोरी पाटी! म्हातारपणी एवढं मोठं धूड चालवायचं आणि कुठं घासलं म्हणजे? माणूस पहिल्या ओरखड्याला भितो. मग तो पहिला ओरखडा होऊनच जाऊ दे की! हत्यारांच्या ट्रेमधला स्क्रूड्रायव्हर उचलून त्यांनी दाराशेजारी, पांढऱ्याशुभ्र रंगावर, करपलेलं पातेलं खरवडावं तशी हातभर लांब रेघ ओढली. आतला करडा पत्रा उघडा पडला. रस्त्यापलीकडून दिसावा असा ओरखडा.

"अरे देवा," मिस्त्री म्हणाला.

"अहो!" काकूंनी हाक मारली. "इकडे या लवकर! बघा गाडीला काय झालंय!"

काका ओल्या हातांनी धावत आले. दारासमोर उभे राहिले. काकू तयारच होत्या. हे चिडले की म्हणायचं, झालं ना आता, मेलं का कुणी, चला निघू.

"काय झालंय?" काकांनी विचारलं.

"हे काय, इथं. माझ्या हातापाशी."

काका पुढे झुकले. कोंबडी दाण्याकडे बघते तशी त्यांनी मान आधी एका बाजूला केली, मग दुसऱ्या. नजर ओरखड्यावरून गेली, परत आली, पुन्हा गेली.

"काही नाही गं," ते म्हणाले. "उगाच घाबरवतेस माणसाला."

मिस्त्री स्वतःच्या बुटांकडे बघत होता. काकूंचा हात पत्र्यावर तसाच होता. गेली काही वर्षं सकाळचा पेपर काकूच मोठ्यानं वाचून दाखवत होत्या. 'तू वाचलंस की बातमीला रंग चढतो,' असं काकाच म्हणाले होते. आणि काकूंनीही खुशाल रंग चढवला होता.

"धूळ होती," काकू म्हणाल्या आणि तळव्यानं पुसल्यासारखं केलं. पत्र्याची कड तळव्याला लागली. मग त्या मिस्त्रीकडे वळल्या. "ते बेअरिंग. मला आत्ता ऐकू आलं बघ. नीट काम कर, घाई करू नकोस."

मिस्त्रीनं वर पाहिलं. "वेळ लागेल काकू."

"लागू दे."

काकांनी सुस्कारा सोडला आणि खिशातला रुमाल काढून हात कितीतरी वेळ पुसले.

फाटकाबाहेर गाड्यांची वर्दळ होती. काकू नेहमी दोन पावलं पुढं चालायच्या. आज त्या थांबल्या आणि काकांच्या दंडात हात घालून उभ्या राहिल्या. रस्ता जरा मोकळा झाल्यावर दोघं पलीकडे गेली.

"ताईकडे जायला सकाळची बस कितीला असते हो?"

"सात चाळीस," काका तत्काळ म्हणाले. "मी बसमध्ये मागं कधी बसलेलो नाही."

"मग बसा की एकदा. लोक बसतात. जिवंत उतरतात."

"ड्रायव्हरच्या मागचाच बाक घेऊ."

"घेऊ. पण खिडकी माझी."

"तुझीच," काका म्हणाले. "रस्त्यात काय काय आलं ते तू सांगत जा."

काकूंनी दंडावरची पकड जरा घट्ट केली. "मी सांगितलं तर निम्मं खोटं असेल."

"असू दे," काका म्हणाले. "तू सांग."